आसरा : गोव्यातील धर्माश्रयी निराधारसेवा

म्हापशाच्या जिल्हा इस्पितळाला लोक अजून ‘आझिलो’ म्हणतात आणि मडगावकर आपल्या जुन्या सरकारी इस्पितळाला ‘हॉस्पिसियो’. पोर्तुगीज भाषेत पहिल्या शब्दाचा अर्थ आश्रयगृह आणि दुसऱ्याचा वाटसरू व निराधारांचा निवारा. मडगावचे हॉस्पिसियो पाद्री आंतोनियो जुआंव दि मिरांदा यांनी १८६७ मध्ये सुरू केले. पुढे आजाऱ्यांची सोय वाढत गेली, सरकार आले, आणि मूळ हेतू नावापुरता उरला. बेघरांना धर्माच्या प्रेरणेने आसरा देण्याची गोव्यातली रीत अशी ठिकठिकाणी शब्दांत जपली गेली आहे.

या रीतीचे सर्वांत जुने संघटित रूप म्हणजे ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे ‘दयेचे पवित्र घर’. लिस्बनमध्ये राणी लेओनोरच्या आश्रयाने १४९८ मध्ये स्थापन झालेल्या या बंधुसंघाची शाखा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच जुन्या गोव्यात आली. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, परक्याला थारा, कैद्याची विचारपूस, मृताला मूठमाती अशी चौदा दयाकर्मे हा संघाचा नेम होता. इस्पितळे, अनाथ मुलींसाठी व निराधार स्त्रियांसाठी ‘रेकोलिमेंतु’ म्हणजे आश्रमवजा वसतिगृहे, हुंड्यासाठी मदत असा त्याचा व्याप होता. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेला ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियरही इस्पितळातच राहिला आणि रोग्यांची व महारोग्यांची सेवा करू लागला.

याच दयेची दुसरी बाजू गोव्याच्या वाचकाला सांगायला हवी. १५५९ च्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्याची व्यवस्था झाली. मुलाची आई, आजी, काका हयात असतानाही त्याला अनाथ ठरवले गेल्याच्या तक्रारी त्या काळापासून आहेत. पोट भरण्याच्या बदल्यात धर्म मागितला गेला, ही जखम खोल आहे. आजही एखाद्या आश्रमाबद्दल गावात शंका निघते, तेव्हा तिचे मूळ इथवर जाते. म्हणून आसरा देणारा ‘तू कोणाचा’ हे विचारतो का, हाच या सेवेचा खरा कस मानला पाहिजे.

मिझेरिकॉर्दियाच्या प्रमुखाला ‘प्रोव्हेदोर’ म्हणत. त्याच शब्दावरून आलेली ‘प्रोव्हेदोरिया’ ही सार्वजनिक साहाय्य संस्था आता सरकारची असून ती गोव्यात वृद्धाश्रम चालवते. धर्मसंघाचे काम शासनाने उचलले, शब्द तेवढा जुनाच राहिला.

हिंदू परंपरेत आसऱ्याची जागा देवळाची. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवस्थानांच्या अग्रशाळांत, म्हणजे देवळालगतच्या निवासखोल्यांत, यात्रेकरू उतरतात, उत्सवात समाराधना म्हणजे सामुदायिक भोजन होते आणि महाप्रसादाच्या पंगतीत वाटसरूही जेवतो. पण अग्रशाळा मुख्यतः महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत हक्कदार) आणि कुळावी (ज्यांचे ते कुलदैवत, असे भक्त) यांच्या सोयीसाठी असते. रस्त्यावर निजणाऱ्याला तिथे पान मिळते, अंथरूण मिळतेच असे नाही. फोंडा तालुक्यातील ‘मातृछाया’सारख्या संस्था निराधार मुलांसाठी कायमचे घर उभे करतात, हे त्याच दानबुद्धीचे आजचे रूप. बेतीच्या गुरुद्वारातल्या लंगरात जात-धर्म न विचारता ताट मिळते. साठवलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून गरजूंपर्यंत पोचवणे हे ऐपतदार मुसलमानांचे कर्तव्यच असते.

खास गोमंतकीय म्हणावी अशी एक चाल ख्रिस्ती घरांत आहे, ‘भिकाऱ्यां जेवण’. लग्नाच्या आधी घरातल्या मृतांच्या नावाने गावातील गरिबांना बोलावून वाढतात. पितरांच्या वतीने पाहुणा म्हणून गरीब जेवतो, ही कल्पना श्राद्धाच्या पानाशी इतकी मिळतीजुळती आहे, की धर्म बदलला तरी माणसे तीच राहिली हे लक्षात यावे. मात्र बोलावण्याजोगे ‘गावचे भिकारी’ आता सहज सापडत नाहीत, म्हणून पुष्कळ कुटुंबे वृद्धाश्रमात जेवण पोचवतात.

आजचा बेघर बहुधा गावचा नसतो. गोव्यात मुंबईसारखे महानगर नाही. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेची वस्ती सुमारे ४० हजार होती. पण त्याच जनगणनेनुसार राज्यातील ६२ टक्के लोक शहरी भागात राहतात. बेघर माणसे पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को अशा शहरांचे बाजार, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आधाराने असतात. काम सुटलेले मजूर, घरच्यांनी टाकलेले म्हातारे, दारूच्या आहारी गेलेले आणि मनाचा तोल जाऊन गाडीत बसलेले लोक त्यांत असतात. त्यांच्यासाठी कारितास ही कॅथलिक चर्चची समाजसेवी संस्था, मदर तेरेसांच्या संघाच्या धर्मभगिनी, व्हिन्सेंट दि पॉल या कॅथलिक सेवासंघाचे चर्चगणिक गट आणि ‘स्ट्रीट प्रॉव्हिडन्स’सारख्या संस्था काम करतात.

कायद्याचे धोरण दुहेरी आहे. १९७२ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा हात पसरणाऱ्याला गुन्हेगार मानतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मात्र भटकणाऱ्या रुग्णाला संरक्षण देऊन आरोग्यसंस्थेत नेण्याची आणि तो बेघर वा हरवलेला असल्यास नातेवाइकांचा शोध घेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकतो. या दोहोंच्या मधला रोजचा भार सेवेकरी वाहतात : केस कापायचे, आंघोळ घालायची, जखम धुवायची, बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्यायचे. माणूस बोलू लागला की कन्नड, हिंदी किंवा ओडिया जाणणारा कोणी शोधून त्याच्या गावाचे नाव विचारायचे.