रमाबाई नगरचा गोळीबार आणि परवानगीची भिंत

11 जुलै 1997. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे लोक उठले, तर वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला. बातमी गल्लोगल्ली गेली आणि माणसं पूर्व द्रुतगती महामार्गावर येऊन बसली. काही वेळातच राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि गोळ्या सुटल्या. 10 जण गेले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. गोळ्या रस्त्यावरच्या निदर्शकांनाच लागल्या असंही नाही. वस्तीच्या गल्लीत उभ्या असलेल्यांनाही त्या लागल्या. चारच दिवसांनी, 15 जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली.

जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असं पोलिसांनी सांगितलं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगापुढे हा दावा टिकला नाही. गोळीबार समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि तुकडीचे प्रमुख, उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरलं.

पण चौकशी आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, आणि अशा प्रत्येक प्रकरणात लोकांची फसगत होते ती इथेच. 1952 च्या चौकशी आयोग कायद्यानुसार आयोग साक्षी नोंदवतो, अहवाल देतो. शिक्षा देऊ शकत नाही आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

मुळात चौकशी तरी व्हावी, यासाठीही महाराष्ट्राला भांडावं लागलं आहे. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनवर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात 15 जणांचा बळी गेला. आज तिथे हुतात्मा चौक आहे. पुढच्या गोळीबारांत बळींची संख्या शंभरावर गेली. मोरारजी देसाईंच्या सरकारने न्यायालयीन चौकशी नाकारली. 1956 मध्ये चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा संसदेतल्या निवेदनात त्यांनी या नकारावरही बोट ठेवलं. गोळीबाराची चौकशी नाही, ही गोष्ट एका अर्थमंत्र्याला सहन झाली नाही, याची आठवण आज फार कमी लोक काढतात.

आता कायद्याकडे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 129 नुसार कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकतो. प्रभारी अधिकारी हजर नसेल तर तोच अधिकार साध्या फौजदारालाही, म्हणजे उपनिरीक्षकालाही, मिळतो. रमाबाई नगरात तुकडीवर होता तो याच दर्जाचा अधिकारी. हुकूम देण्याचा अधिकार असा खालपर्यंत उतरतो, पण त्या हुकमाबद्दल खटला भरायचा तर कलम 132 प्रमाणे सरकारची परवानगी लागते. शिवाय 'सद्हेतूने' केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. म्हणजे ज्यांची माणसं गेली, त्यांना न्यायालयाच्या दारात जाण्याआधी मंत्रालयाच्या दारात उभं राहावं लागतं. पोलीस ज्या सरकारच्या हाताखाली काम करतात, परवानगी द्यायची की नाही हेही तेच सरकार ठरवतं. यात खोट आहे हे सांगायला कायदेपंडित लागत नाही.

रमाबाई नगरचा खटला तरीही उभा राहिला, तो वस्तीतल्या लोकांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून. 2009 च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. घटनेला तोवर जवळपास 12 वर्षं झाली होती. त्यानंतर उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

दरम्यान, पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 ला प्रत्येक राज्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणारं पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने त्यासाठी आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली ती 2014 मध्ये.

1 जुलै 2024 पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. लोकसेवकांवरच्या खटल्याच्या परवानगीचा निर्णय 120 दिवसांत झाला नाही तर ती मिळाली असं धरायचं, अशी तरतूद तिच्या कलम 218 मध्ये आहे. जमाव पांगवताना केलेल्या कृत्यांसाठी मात्र कलम 151 वेगळं आहे. जुन्या 132 चाच मजकूर तिथे जवळजवळ तसाच उतरला आहे, आणि त्यात सरकारने किती दिवसांत उत्तर द्यायचं याची मुदत घातलेली नाही.