इन्स्टॉलरमधील मेनूचे अनपेक्षित वर्तन

संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना इन्स्टॉलरच्या मेनूने वापरणाऱ्याच्या समजुतीपेक्षा वेगळे वागणे, हा मेनूच्या रचनेतील दोष मानला जातो. इतर प्रोग्राममध्ये चूक झाली तर मागे फिरता येते. इथे डिस्क पुसली गेली की त्यावरचे फोटो, हिशेब, प्रबंध सगळेच गेले. म्हणून हा दोष किरकोळ समजू नये.

सर्वांत जास्त फसगत स्पेस आणि एंटर या दोन कळांत होते. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या अक्षरी (चित्रांविना, कळफलकावर चालणाऱ्या) इन्स्टॉलरमध्ये सॉफ्टवेअरच्या यादीत चौकटीत खूण करायची ती स्पेसने. एंटर मारला की यादी आहे तशी मान्य होऊन गाडी पुढे निघते. सांगलीत विश्रामबागेतल्या एका संगणक वर्गात हे डोळ्यांदेखत घडले. दोन जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप (खिडक्या, चिन्हे दाखवणारा पडदा) टाकायचा होता. मुलीने बाणाने पट्टी बरोबर त्या ओळीवर आणली आणि एंटर मारला. खूण आधीपासून ग्नोम या जड डेस्कटॉपवर होती, तोच बसला. “सर, मी एक्सएफसीईच निवडलं होतं की!” ती म्हणत होती. तिचे चुकले नव्हते. ठळक दिसणारी ओळ म्हणजे निवडलेली ओळ, असेच कोणीही समजेल. कोणती कळ काय करते हे त्याच पडद्यावर, यादीला लागूनच लिहायला हवे.

दुसरा प्रकार ‘मागे जा’चा. डेबियनमध्ये प्रश्नांना निकडीचा, उच्च, मध्यम व कमी असे चार अग्रक्रम असतात. एरवी उच्च आणि त्यावरचेच प्रश्न विचारले जातात, मुख्य मेनू दिसतही नाही. एखादी पायरी फसली किंवा मागे फिरत गेले, की ही अग्रक्रमाची मर्यादा खाली उतरते, मेनू उघडतो आणि आधी न विचारलेले प्रश्न समोर येतात. अडलेल्याला वाट मिळावी हा त्यामागचा हेतू रास्त आहे, पण मेनू का उघडला हे एका ओळीत सांगितले नाही तर नवखा माणूस गांगरतो.

पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या, बाबतीत मात्र याच इन्स्टॉलरची रीत अनुकरणीय आहे. केलेले बदल आधी नुसते मांडून दाखवले जातात. डिस्कवर लिहिण्यापूर्वी स्वतंत्र प्रश्न येतो आणि त्याचे आयते उत्तर ‘नाही’ असते. त्यामुळे घाईने एंटर मारत जाणाऱ्याचीही डिस्क वाचते.

मराठी भाषांतरातही जपावे लागते. नुसते ‘रद्द करा’ लिहिले तर काय रद्द होणार, ही पायरी की सगळे इन्स्टॉलेशन, ते कळत नाही. ‘न लिहिता मागे जा’ असे बटण लांब वाटले तरी तेच ठेवावे.