सरोवर ट्राउटचे जिगिंग

उत्तर अमेरिकेतील खोल, थंड सरोवरांत लहान होडीतून सरोवर ट्राउट (साल्व्हेलिनस नामायकुश) धरण्याची गळाची पद्धत. शिशाच्या डोक्याचा गळ किंवा धातूची जड पट्टी होडीखाली सरळ तळाकडे सोडतात आणि काठीच्या झटक्यांनी वरखाली नाचवतात. कॅनडात व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागात उन्हाळी सुट्टीला सरोवराकाठी येणाऱ्यांत ती रूढ आहे. चालत्या होडीमागे आमिष ओढण्याच्या पद्धतीत (ट्रोलिंग) ते खोल नेण्यासाठी वजनी गोळे व चरख्या लागतात. जिगिंगला एक काठी, एक रीळ आणि वाऱ्यावर सावकाश सरकणारी होडी पुरते.

या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून हाडाचे वा हस्तिदंती आमिष वरखाली हलवत व जवळ आलेला मासा भाल्याने किंवा गळाने धरत. या परंपरेला जिगिंगचे मूळ मानणारे एक मत आहे. दुसरे मत कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंडमधील कॉड या समुद्री माशाच्या मासेमारीकडे बोट दाखवते. तेथील ‘जिगर’ म्हणजे शिशाचा माशाच्या आकाराचा ओतीव तुकडा. त्याला दोन गळ असत आणि आमिष मुळीच नसे. अलेक्झांडर हेन्री (थोरला) या व्यापाऱ्याने १७६० च्या दशकात ग्रेट लेक्सवरील मिशिलिमॅकिनॅक या ठाण्यात बर्फातील भोकांतून ट्राउट धरले जात असल्याचे नोंदवले आहे. काही जण हे वर्णन पहिल्या मताचा पुरावा मानतात. परंतु त्यात आमिष लावून सोडून ठेवलेल्या दोऱ्यांचा उल्लेख आहे, हलवलेल्या गळाचा नाही; तेव्हा त्यावर फार भार टाकता येत नाही. हलत्या आमिषाची कल्पना दोन्हीकडे स्वतंत्रपणे रुजली असावी आणि आजच्या साधनाची घडण कॉडच्या जिगरला अधिक जवळची आहे, असे मानणे सयुक्तिक वाटते. लहान होडीतील आधुनिक प्रकार मात्र बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. प्रतिध्वनीवर चालणारी मासेशोधक यंत्रे १९५० च्या दशकाच्या अखेरीस हौशी मासेमारांच्या हाती येऊ लागली, त्यानंतरचा.

सरोवर ट्राउटला सुमारे १०° से. तापमानाचे, भरपूर ऑक्सिजन असलेले पाणी मानवते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते व हलके होऊन तरंगत राहते. त्याखाली तापमान झपाट्याने उतरणारा पातळ थर तयार होतो आणि मासे त्याच्याही खाली जातात. म्हणून वसंतात काठाजवळ मिळणारा मासा ऑगस्टमध्ये १५ ते ३० मी. किंवा त्याहून खोल शोधावा लागतो. पाण्याखालचे उंचवटे आणि खडकाळ उताराच्या कडा या जागा विशेष पाहतात.

इतक्या खोलीवर नायलॉनची दोरी ताणली जाते आणि माशाचा स्पर्श हातापर्यंत पोचत नाही. त्यामुळे न ताणणारी विणलेली दोरी वापरून टोकाला पाण्यात सहसा न दिसणाऱ्या फ्लुओरोकार्बन दोरीचा तुकडा जोडतात. गळावर बहुधा पांढरी, पोकळ, मऊ प्लास्टिकची नळी चढवतात. मासा पुष्कळदा आमिष खाली पडत असतानाच तोंडात घेतो. अशा वेळी झटका बसत नाही, दोरी नुसती ढिली पडते. मासेशोधकाच्या पडद्यावर आमिषाची रेघ आणि तिच्यामागे तळातून चढणारी जाड रेघ एकाच वेळी दिसतात. त्या क्षणी थांबू नये. रीळ भराभर गुंडाळावे, कारण पळणाऱ्या भक्ष्याचा हा मासा पाठलाग करतो. वाऱ्यात होडी वेगाने वाहिली की दोरी तिरपी होते व आमिष तळ सोडते. त्यावर जड गळ किंवा होडीचा वेग रोखण्यासाठी पाण्यात सोडलेली कापडी पिशवी हा उपाय आहे.

शरीररचनेची एक बाब येथे महत्त्वाची आहे. या माशाचा वाताशय (शरीरातील हवेची पिशवी) नळीने अन्ननलिकेला जोडलेला असतो. वर येताना फुगणारी हवा तो तोंडावाटे सोडू शकतो, आणि मासा दिसण्याआधी होडीलगत बुडबुड्यांची माळ वर येते. असा मार्ग नसलेल्या पर्चसारख्या माशांपेक्षा तो खोलीतून वर येणे अधिक चांगले सोसतो. तरीही तापलेल्या पृष्ठजलात फार वेळ खेळवलेला मासा सोडल्यावर मरू शकतो. त्याची वाढ मंद असून प्रजोत्पादनाचे वय उशिरा येते, म्हणून मोठी मादी परत सोडणे हेच योग्य.

ग्रेट लेक्समध्ये सागरी लॅम्प्री या इतर माशांना चिकटून रक्त शोषणाऱ्या माशाचा उपद्रव व अतिमासेमारी यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास ही जाती बहुतेक ठिकाणी कोसळली. १९५८ पासून लॅम्प्रीच्या डिंभांवर रसायन वापरले जाऊ लागले. उलट अमेरिकेतील यलोस्टोन सरोवरात सरोवर ट्राउट ही जाती बाहेरून आलेली व उपद्रवी आहे. १९९४ मध्ये तेथे तिचे अस्तित्व आढळले. धरलेला मासा जिवंत सोडण्यास तेथे मनाई आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे शिशाचे गळ बाळगता येत नाहीत, कारण ते गिळून लून हे पाणपक्षी विषबाधेने मरतात. तेथे टंगस्टनचे गळ चालतात. परवाना, हंगाम व धरण्याची मर्यादा सरोवरागणिक निराळी असते.