अवे रोटेशन (इंटर्नल मेडिसिन)

अमेरिकेत शेवटच्या वर्षाचा वैद्यकीय विद्यार्थी स्वतःचे महाविद्यालय सोडून दुसऱ्या शिक्षण-रुग्णालयात साधारण चार आठवडे काम करतो, त्याला अवे रोटेशन म्हणतात. बोलीत ‘ऑडिशन’ हा शब्दही चालतो आणि तो जास्त प्रामाणिक आहे. कागदोपत्री हा शिकण्याचा भाग असला तरी जेथे रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षणाची जागा) हवी तेथे आपण नजरेत भरावे, हा हेतू कोणी फारसा लपवत नाही. असे अर्ज बहुतांशी अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या ‘व्हीएसएलओ’ या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. मोसम जुलै ते सप्टेंबरचा, कारण सप्टेंबरअखेरीस रेसिडेन्सीचे अर्ज ती देणाऱ्या विभागांपुढे, म्हणजे ‘कार्यक्रमां’पुढे, उघडतात.

पुढचा प्रवास ‘मॅच’चा. १९५२ पासून चालत आलेल्या या पद्धतीत मुलाखतींनंतर विद्यार्थी कार्यक्रमांना आणि कार्यक्रम विद्यार्थ्यांना पसंतीक्रम देतात. संगणक दोन्ही याद्या जुळवतो आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कोण कोठे जाणार ते कळते. नीट-पीजीच्या क्रमांकावर जागा मिळवणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हे चमत्कारिक वाटते. आपल्याकडे जागा वाटताना वॉर्डात तुम्ही कसे वागलात हे कोणी विचारत नाही. तेथे त्यावर पत्रे लिहिली जातात.

अवे रोटेशनचे वजन प्रत्येक शाखेत वेगळे आहे. ऑर्थोपेडिक्स किंवा न्यूरोसर्जरीत ते जवळजवळ सक्तीचे मानले जाते. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये तर रोटेशनवर आधारित ठरावीक नमुन्याचे मूल्यांकनपत्रच लागते. इंटर्नल मेडिसिनचे (आपल्याकडचे एमडी मेडिसिन) तसे नाही. ही मॅचमधली सर्वांत मोठी शाखा असून तिच्या दरवर्षीच्या जागा दहा हजारांच्या आसपास असतात. ऑर्थोच्या विभागात वर्षाला मोजकेच रेसिडेंट घेतले जातात, त्यामुळे महिनाभर शस्त्रक्रियागृहात उभा राहिलेला विद्यार्थी निवड करणाऱ्यांच्या ओळखीचा होतो. मेडिसिनच्या मोठ्या कार्यक्रमात एका वर्षाचे इंटर्नच (पहिल्या वर्षाचे रेसिडेंट) तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त. वॉर्डातला अटेंडिंग (जबाबदार वरिष्ठ डॉक्टर) एक-दोन आठवड्यांनी बदलतो आणि निवड समितीशी त्याचा काही संबंध असेलच असे नाही. पाहुण्या विद्यार्थ्याला चार आठवड्यांत दोन-तीन वरिष्ठ भेटतात. त्यांतल्या एकाने मनापासून पत्र लिहिले तर कमावले, नाही तर ‘मेहनती व वक्तशीर’ एवढ्यावर भागते. घरच्या महाविद्यालयात सब-इंटर्नशिप (इंटर्नसारखी जबाबदारी घेऊन वॉर्डातले काम) करून, वर्षभर पाहिलेल्या प्राध्यापकाकडून घेतलेले पत्र बहुधा यापेक्षा भरीव असते.

यात धोकाही आहे. मुलाखत काही तासांची, तर रोटेशन महिनाभराचे. नव्या रुग्णालयाची संगणकप्रणाली, ऑर्डर टाकायची रीत, कोणत्या परिचारिकेला काय विचारायचे, हे समजेपर्यंत पहिला आठवडा सरतो. कागदावर उत्तम असलेला विद्यार्थी तेथे अडखळलेला दिसला, तर रोटेशन न करणेच बरे होते असे म्हणायची वेळ येते. राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च बहुधा स्वतःचा, आणि त्याच काळात घरचे भाडेही भरावे लागते.

रोटेशन करणाऱ्यांना तेथेच जास्त जागा मिळतात, हे निरीक्षण अनेकदा पुरावा म्हणून पुढे येते. ते जपून घ्यावे. ज्याला एखादे ठिकाण मनापासून हवे असते तोच तेथे रोटेशन मागतो आणि तोच ते यादीत वर टाकतो. मग रोटेशनचा वाटा किती आणि ओढीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. मे २०२० मध्ये कोविडमुळे अवे रोटेशन थांबवण्याची शिफारस झाली आणि मुलाखती पडद्यावर गेल्या. त्या फेरीतही इंटर्नल मेडिसिनच्या बहुतेक जागा भरल्याच. पुढे या शाखेत ‘सिग्नल’ आले, म्हणजे अर्जातच ठरावीक कार्यक्रमांना आपली खास पसंती कळवायची सोय. २०२४–२५ च्या फेरीत अर्जदाराला तीन सुवर्ण (सर्वाधिक पसंतीचे) आणि बारा रौप्य सिग्नल देता येत होते. ‘मला खरोखर येथेच यायचे आहे’ हे सांगायला पूर्वी महिना घालवावा लागे. त्यातला बराच भाग आता अर्जातच उरकतो.

तरीही काही जणांना फायदा खरा असतो. पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक व्हायचे आहे पण तिकडचा काहीच धागा नाही, असा पूर्वेकडचा विद्यार्थी. ज्याच्या महाविद्यालयाला स्वतःचे मोठे शिक्षण-रुग्णालय नाही तो, विशेषतः ऑस्टिओपॅथिक (एमडीऐवजी ‘डीओ’ ही वैद्यकीय पदवी घेणारा) विद्यार्थी. आणि एखाद्याच नामांकित विद्यापीठ-कार्यक्रमावर डोळा असलेला पण गुणपत्रिकेत काठावर असलेला उमेदवार.

परदेशी पदवीधरांचा, म्हणजे ‘आयएमजी’चा, हिशेबच निराळा. इंटर्नल मेडिसिन ही त्यांना सर्वाधिक सामावून घेणाऱ्या शाखांपैकी एक आहे. पुण्या-मुंबईच्या एमबीबीएस विद्यार्थ्यासाठी प्रश्न ‘घरचे रोटेशन की बाहेरचे’ असा नसून अमेरिकन रुग्णालयात काम केल्याचा काही दाखला आहे की नाही, असा असतो. अर्जदारांच्या बोलीत हेच ‘यूएससीई’ (यूएस क्लिनिकल एक्सपिरियन्स). त्यात प्रतवारी आहे. विद्यार्थी असताना मिळणाऱ्या इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक रोटेशनमध्ये) रुग्ण तपासता येतो, नोंदी लिहिता येतात, आणि त्यावर मिळालेल्या पत्राला किंमत असते. पदवी हाती आली की विद्यार्थी म्हणून दार बहुधा बंद होते आणि ऑब्झर्व्हरशिप उरते: मागे उभे राहून पाहायचे, रुग्णाला हात लावायचा नाही. म्हणून माहितगार सीनियर शेवटच्या परीक्षेच्या आधीच अर्ज करायला सांगतात. पैसे घेऊन खाजगी दवाखान्यात महिनाभर बसवणाऱ्या एजन्सीही बऱ्याच आहेत. तेथे रेसिडेन्सी कार्यक्रमच नसेल तर ऑडिशन घ्यायला कोणी नसते. हाती येते ते फक्त पत्र, आणि ते लिहिणारा डॉक्टर रेसिडेंटना शिकवत नसेल तर तेही हलकेच पडते.