हिवतापाच्या तपासणीत दोन थेंब जास्त का मागतो?

तुमच्या रिपोर्टमध्ये फाल्सिपेरम (हिवतापाचा जास्त धोक्याचा प्रकार) निघाला, तर आमच्या लॅबचे टेक्निशियन विचारतील, "आणखी दोन थेंब या कागदावर घेऊ का?" नको वाटलं तर खुशाल नाही म्हणा. रिपोर्ट थांबत नाही, उपचारही अडत नाहीत. या थेंबांचे पैसे आम्ही घेत नाही.

कागदावर वाळवलेलं हे रक्त संशोधन प्रयोगशाळेत जातं. तिथे जीन वाचले जातात ते हिवतापाच्या जंतूचे, तुमचे नव्हेत. क्लोरोक्विन या हिवतापाच्या जुन्या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूत 'सीआरटी' हा जीन बदललेला असतो. एसपी, म्हणजे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन या जोड औषधासाठी 'डीएचएफआर' आणि 'डीएचपीएस' हे जीन पाहतात. सगळ्यांत जास्त लक्ष असतं ते 'के-१३' या जीनवर. त्यात काही ठराविक बदल झाले, की आर्टेसुनेटसारखं जालीम औषध देऊनही जंतू रक्तातून फार सावकाश हटतात. ही खूण २०१४ साली कंबोडियातल्या जंतूंमुळे कळली. पुढे रवांडा आणि युगांडातही असे जंतू सापडले.

आपल्या देशानेही हे भोगलं आहे. क्लोरोक्विनला न जुमानणारा फाल्सिपेरम १९७३ साली आसाममध्ये आढळला. ईशान्येत एसपीही निकामी होऊ लागलं, तेव्हा २०१३ मध्ये तिथे आर्टेसुनेट-एसपीच्या जागी आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन हे दुसरं जोड औषध आलं. महाराष्ट्रात मात्र त्यानंतरही भिस्त आर्टेसुनेट-एसपीवरच राहिली, म्हणून इथल्या जंतूवर नजर हवीच.

कोकणात बोटींवर परराज्यांतले खलाशी असतात, आंब्याच्या बागांत नेपाळी गडी, बांधकामांवर लांबून आलेले मजूर. माणसाबरोबर जंतूही प्रवास करतो. यात त्यांना बोल लावू नका. उपचार सर्वांत उशिरा पोचतात ते त्यांच्यापर्यंतच. तुमच्या बागेत किंवा बोटीवर कुणाला थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासायला घेऊन या. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत, तिथे नेलंत तरी आम्हाला आनंदच आहे.

जीनच्या तपासणीवरून तुमचा डोस ठरत नाही. एका भागातले बरेच नमुने जमले, की तिथे कोणतं औषध चालवायचं हे ठरवायला तिची मदत होते. तुमच्या हातात आहे तो कोर्स. फाल्सिपेरमला डॉक्टर देतील त्या जोड औषधाचा (जसं आर्टेसुनेट-एसपी) तीन दिवसांचा कोर्स, शिवाय डॉक्टर सांगतील तेव्हा प्रायमाक्विनचा एकच डोस. व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराला प्रायमाक्विन १४ दिवस, कारण तो जंतू यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, उरलेल्या शेजाऱ्याला देऊ नका. गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा जी-सिक्स-पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेलं कुणी घरात असेल, तर प्रायमाक्विनआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तीन दिवस गोळ्या घेऊनही ताप राहिला, तर आधी डॉक्टरांना गाठा. पुन्हा रक्त द्यायला याल तेव्हा जुना रिपोर्ट आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत आणा.