तंत्रज्ञान-सिद्धता पातळी

संशोधनसंस्थेत आकार घेणारे तंत्रज्ञान प्रत्यक्ष वापराच्या किती जवळ आले आहे, हे १ ते ९ या आकड्यांत सांगणारी मापनश्रेणी. मूलतत्त्वाचे निरीक्षण ही पहिली पातळी. प्रत्यक्ष कामगिरीत यशस्वी ठरलेली प्रणाली ही नववी. नव्या उत्पादनाला निधी देताना व ते उद्योगाकडे सोपवताना या श्रेणीचा आधार घेतात.

श्रेणीचा उगम अमेरिकेच्या ‘नासा’त झाला. तिचे जनकत्व सामान्यतः तेथील संशोधक स्टॅन सॅडिन यांना देतात (१९७४). तंत्रज्ञानाच्या सिद्धतेचा आढावा घेण्याची कल्पना मात्र १९६९ च्या सुमारास, अपोलोनंतरच्या अवकाशस्थानकाची आखणी चालू असतानाच पुढे आली होती, असेही एक मत आहे. तथापि आढावा आणि पायऱ्यांची श्रेणी या भिन्न गोष्टी असल्याने १९७४ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. सॅडिन यांच्या सूचनेवरून रे चेस यांनी गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या नियोजित यानाच्या आराखड्याला ही पद्धत लावून पाहिली. १९८९ मध्ये तिची औपचारिक व्याख्या झाली, तेव्हा पातळ्या सातच होत्या. नऊ पातळ्यांचे सविस्तर वर्णन ‘नासा’चेच जॉन मॅनकिन्स यांच्या १९९५ च्या टिपणात आहे. त्यामुळे जुन्या लेखांतील आकडे आजच्या श्रेणीशी थेट ताडून पाहू नयेत.

पुढे अमेरिकी संरक्षण खात्याने (२००१) व युरोपीय संघाच्या ‘होरायझन २०२०’ या संशोधन-निधी कार्यक्रमाने ही श्रेणी स्वीकारली. या श्रेणीची व्याख्या करणारे ‘आयएसओ १६२९०’ हे अवकाश प्रणालींसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१३ चे. भारतात ‘बायरॅक’ ही जैवतंत्रज्ञान उद्योगाला साहाय्य करणारी सरकारी संस्था प्रस्तावांच्या छाननीत ती वापरते.

खरी कसोटी चौथ्या ते सातव्या पातळीदरम्यान, म्हणजे प्रयोगशाळेतील पडताळणीपासून प्रत्यक्ष परिस्थितीतील नमुन्याच्या चाचणीपर्यंत, लागते. शोधनिबंध तोवर छापून झालेला असतो आणि कंपनी अजून पैसे घालायला तयार नसते. रासायनिक प्रक्रियेत हे स्पष्ट दिसते. काचेच्या चंबूत निर्माण होणारी उष्णता सहज निघून जाते. मोठ्या रिॲक्टरमध्ये (रासायनिक क्रियेच्या पात्रात) आकारमान घनाच्या प्रमाणात वाढते, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वर्गाच्याच. तापमान आवरेनासे होते, उपपदार्थ वाढतात. पायलट प्लांट, म्हणजे छोट्या प्रमाणावरचा चाचणी-कारखाना, लागतो तो यासाठीच, आणि तो चालवणारे अभियंते रसायनशास्त्रज्ञांसोबत सुरुवातीपासून असलेले बरे.

आजवर काय सिद्ध झाले एवढेच ही श्रेणी सांगते. पुढची पायरी किती अवघड किंवा खर्चिक, ते नाही. मॅनकिन्स यांनीच १९९८ मध्ये संशोधन-विकासाच्या काठिण्याचे वेगळे मापन सुचवले. त्याचा प्रसार मात्र फारसा झाला नाही.