धातूंमधील गॅमा किरणांचे क्षीणन

गॅमा किरणांच्या वाटेत धातूचा पत्रा धरला की झोत क्षीण होतो, पण पुरता थांबत नाही. ठरावीक जाडीत तो निम्मा होतो आणि तेवढीच जाडी आणखी लावली की उरलेल्याचा निम्मा. ही अर्धमूल्य जाडी सीझियम-१३७ च्या ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट किरणांसाठी शिशात सुमारे ५.५ मिमी, लोखंडात १२ मिमी आणि ॲल्युमिनियममध्ये ३४ मिमी भरते.

हेच आकडे वजनात मांडले की गंमत कळते. लोखंड असो वा ॲल्युमिनियम, झोत निम्मा करायला दर चौरस सेंटिमीटरला सव्वानऊ-साडेनऊ ग्रॅम धातू लागतो. या ऊर्जेला कॉम्प्टन प्रकीर्णनाचे, म्हणजे किरण इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरण्याचे, राज्य असते. ते इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर चालते आणि ती संख्या दर ग्रॅमला जवळपास सारखीच असते. धातू कोणता, याला फारसे महत्त्व नाही. शिशाचे काम सव्वासहा ग्रॅमांत भागते, कारण अणुक्रमांक ८२ असल्याने तिथे प्रकाशविद्युत शोषणाचीही (किरण अणूत पुरता शोषला जाऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याची) भर पडते. ऊर्जा १.०२२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेल्यास युग्मनिर्मितीही, म्हणजे किरणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होणेही, शक्य होते.

प्रकीर्णनात फोटॉन, म्हणजे किरणाचा ऊर्जाकण, नाहीसा होत नाही. थोडी ऊर्जा इलेक्ट्रॉनला देऊन दिशा बदलतो. ६६२ चा फोटॉन सरळ मागे फिरला तर त्याच्याजवळ १८४ उरतात. प्रयोगशाळेतली नेहमीची चूक इथेच होते. पत्रा शोधकाला (किरण मोजणाऱ्या उपकरणाला) खेटून ठेवला की तिरके गेलेले फोटॉनही मोजणीत येतात आणि क्षीणन गुणांक, म्हणजे झोत किती वेगाने क्षीण होतो ते सांगणारा आकडा, कमी निघतो. म्हणून स्रोत व शोधक दोन्हींपुढे भोक पाडलेल्या शिशाच्या विटा लावून पत्रा मधोमध ठेवावा, पार्श्वभूमीची मोजणी वजा करावी आणि शक्य असल्यास ऊर्जेच्या आलेखातल्या फक्त ६६२ च्या शिखरातली मोजणी घ्यावी. प्रत्येक जाडीला १०,००० मोजण्या मिळाल्या तर सांख्यिकीय त्रुटी सुमारे १ टक्का राहते. संरक्षक भिंतीचा हिशेब मात्र रुंद झोताचा असतो. तिथे संचय गुणक, म्हणजे विखुरून पलीकडे पोचणाऱ्या फोटॉनांची भर, न धरल्यास भिंत पातळ पडते.

शिशाचाही एक उपद्रव आहे. प्रकाशविद्युत शोषणानंतर ते स्वतःचे ७५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे क्ष-किरण सोडते. ते अडवायला वर्णपटमापकाच्या (किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाच्या) शिशाच्या कवचाला आतून आधी कथील किंवा कॅडमियम आणि त्यावर तांब्याचा पातळ थर देतात.

वेल्डिंगच्या रेडिओग्राफीत (सांध्यातून किरण सोडून फिल्मवर त्याचे चित्र घेताना) मागून परतणाऱ्या किरणांनी फिल्म धुरकट होते. ते ओळखण्यासाठी फिल्मच्या कॅसेटच्या पाठीला शिशाचे ‘बी’ अक्षर चिकटवतात. गडद पार्श्वभूमीवर अक्षर फिके उमटले तर ती फिल्म बाद. मागे जाड शिसे लावून पुन्हा घ्यावी लागते. अक्षर गडद उमटले तर तेवढ्यावरून फिल्म नाकारत नाहीत.